न आटणारी फलालीन

"कितवा महिना?" त्याने विचारलं.

रत्नागिरीच्या राम आळीतल्या त्या कापडदुकानात मी उभी, छत्री ठिबकतेय, आणि काउंटरमागे हा… माझ्याहून दोनेक वर्षांनी मोठा, चष्मेवाला, अगदी काळजीने विचारतोय!

"काय म्हणालात?"

"नाही म्हणजे… पांढरी फलालीन, सात मीटर. बाळाच्या दुपट्यांसाठीच नेतात सगळे. म्हटलं, दिवस भरत आले असतील तर जरा जाड—"

"माझं लग्नसुद्धा झालेलं नाही!"

दुकानातल्या चारही बायका वळल्या. त्याचे कान लालबुंद. मी टेबलमॅट शिवते. वरचं कापड, खालचं कापड आणि मध्ये फलालीन घालून टिपा मारते, हे मी अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल असं सांगितलं.

"मध्ये फोम घालतात ना?" तो चाचरत म्हणाला. "छान फुगतं."

"फुगतं म्हणूनच नको. गोधडी फुगीर चालते. फुगलेल्या मॅटवर सोलकढीचा ग्लास ठेवून बघा, कलंडतो की नाही! फलालीन सपाट बसते, दोन्ही कापडांना धरून राहते, शिवताना सरकत नाही."

तो ऐकत राहिला. माझ्या शिवणकामाबद्दल इतकं मन लावून कुणी ऐकलं नव्हतं… पण रागात होते, म्हणून तेव्हा कबूल केलं नाही.

"फक्त आटते ही," मी म्हणाले. "एरवी मी आधी गरम पाण्यात धुते. या हवेत चार दिवस वाळायची नाही."

"ही नाही आटत. शब्द देतो."

त्या शब्दावर मी चाळीस मॅट शिवल्या. पालीच्या राजश्रीताई नवी खानावळ काढत होत्या. माझी पहिलीच मोठी ऑर्डर. अकरा दिवस मान वर केली नाही.

मांडण्याआधी ताईंनी त्या एकदा धुतल्या आणि मला फोटो पाठवला. कडा उचललेल्या, मध्ये सुरकुत्या, तळलेल्या पापडांची चळतच जणू. खाली लिहिलं होतं, "शमिका, या कशा मांडू गं? पुढच्या शनिवारी उद्घाटन आहे."

मी पालीला जाऊन सगळ्या मॅट परत आणल्या आणि स्टँडवरून तडक दुकान गाठलं. पिशवी काउंटरवर उपडी केली.

"हा तुमचा शब्द!"

गल्ल्यावरचे त्याचे काका, गुरुप्रसाद, चष्म्यावरून बघत म्हणाले, "बाय, कापडाला गॅरंटी नसते. धुताना तुमचंच काही चुकलं असेल."

मी तोंड उघडणार, तोच तो म्हणाला, "काका, चूक माझी. त्यांनी बजावलं होतं. मीच माहीत नसताना 'आटत नाही' म्हणालो."

"शुभंकर, तू गप्प बस!"

"नवीन कापड देतो," शुभंकर मला म्हणाला.

"कापडाचं काय घेऊन बसलात? माझे अकरा दिवस द्या!"

"देतो."

बोलाचीच कढी, असं वाटलं. पण दुसऱ्या संध्याकाळी तो आमच्या दारात! पिशवीत फलालीन. दोनदा गरम पाण्यात धुतलेली, पंख्याखाली वाळवलेली, इस्त्री केलेली.

"मीटरमागे दोन इंच आटली," तो म्हणाला. "मोजली मी."

"मग टाळ्या वाजवू?"

"नको. उसवायचं कसं, ते दाखवा."

रोज दुकान बंद झालं की तो यायचा, पडवीत बसून टिपा उसवायचा. मी मशीनवर, पाठ फिरवून. आई आतून ओरडायची, "अगो, किती घालूनपाडून बोलतेस! च्याय तरी घेऊंदे त्याला!"

तिसऱ्या दिवशी टर्रकन आवाज आला. मी गर्रकन वळले. "अरे, फाडलंस ना!"

त्याने वर बघितलं. "'फाडलंस' म्हणालात."

"मग? फाडल्यावर आरती ओवाळू?"

"नाही… चांगलं वाटलं ऐकायला."

मी पुन्हा मशीनकडे वळले. टीप वाकडीच गेली.

पाचव्या दिवशी तो आलाच नाही. प्रत्येक स्कूटरच्या आवाजाला माझे कान टवकारत होते, आणि त्या कानांचाच मला राग येत होता. सकाळी भांडायला म्हणून दुकानात गेले. काउंटरवर पुठ्ठ्याची पाटी होती, त्याच्या अक्षरात: "फलालीन आटते. आधी धुवा, मग कापा."

"गिऱ्हाईक पळवतोय माझं!" काका लालेलाल झाले होते. "काल सगळी संध्याकाळ हाच तमाशा. पाटी काढ, नाहीतर उद्यापासून दुकानात येऊ नकोस!"

"येणार नाही, काका. पण पाटी राहील," शुभंकर शांतपणे म्हणाला. "एकीचे अकरा दिवस वाया घालवले मी. पुरे झालं."

काकांनी हात झटकला आणि ते आत निघून गेले. पाटीला मात्र त्यांनी हात लावला नाही. मी उगाच दोन रिळं घेतली आणि न भांडता घरी आले.

शनिवारी आम्ही दोघांनी मॅट पालीला पोचवल्या. धुतलेल्या, सपाट. राजश्रीताईंनी त्यांच्यावर काठोकाठ भरलेले ग्लास ठेवले आणि माझी पाठ थोपटली.

परतताना थांब्यावर पाऊस भुरभुरत होता. शुभंकर चपलेने चिखल उकरत होता.

"उद्यापासून उसवायला काही नाही," तो म्हणाला.

"नाही."

"मग मी… येऊ कशाला?"

असा संताप आला मला! "ते मी सांगायचं? काकांसमोर पाटी लावायला धीर होतो, आणि मला एक वाक्य बोलायला होत नाही?"

त्याने चष्मा काढला. पुसला. पुन्हा घातला. "शमिका… माझ्याशी लग्न करशील?"

आणि नेमकी एसटी आली. कंडक्टर ओरडायला लागला, "रत्नागिरी, रत्नागिरी, चला लवकर!"

"ही काय वेळ झाली विचारायची?" मी पायरीवरूनच ओरडले. "माझ्या उत्तरासाठी गाडी थांबणार आहे का?"

मी खिडकीशी बसले आणि शेजारच्या जागेवर रिकामी पिशवी ठेवली. खाली तो तसाच भिजत उभा.

"चढतोयस की नाही?"

तो धावत चढला. मी पिशवी उचलून मांडीवर घेतली. तो बसला… जरा अंतर ठेवून.

"म्हणजे… हो?"

"हो!" मी त्याचा हात धरून म्हणाले. अजूनही रागातच.

हातखंबा आलं, अर्धी गाडी उतरली, मागे जागाच जागा झाली. मी त्याचा हात सोडला नाही.