डावखुऱ्यांच्या चारशे कात्र्या

साहेब, तुम्ही माझ्या चारशे कात्र्यांवर ‘निकामी माल’ असा शेरा मारलात, आणि कात्री कुठल्या हातात धरायची एवढंही विचारलं नाहीत! खुर्चीतला उजवा हात म्हणजे कायदा, असंच ना? त्या शेऱ्यापायी मला यतीन भेटला. पण त्याबद्दल मी तुमचे आभार मानणार नाही.

मी नीरजा टिपणीस. दिल्लीतल्या द्वारकेत राहते, कपडे शिवते, डावखुरी आहे. दुकानातल्या कात्र्यांनी माझ्या अंगठ्याला घट्टे पडले. म्हणून जपानमधला एक छोटा कारखाना शोधून काढला, डाव्या हाताच्या कात्र्या बनवणारा. सहा महिने मेल लिहिले, तीन वेळा नमुने नाकारले, आणि मग माझ्या वेबसाइटवर विकायला चारशे मागवल्या. तीनशे दहा तर पोचायच्या आधीच बुक झाल्या. नागपूर, इंदूर, कोची... कुठकुठले डावे हात वाट बघत होते!

आणि तुम्ही त्या कस्टमच्या तपासणीत अडवल्यात. शेरा उठला नाही, तर शुक्रवारी माल परत जाणार होता. पुन्हा मागवायची माझी ऐपत नव्हती.

गुरुवारी सकाळी धुकं इतकं, की तुमच्या ऑफिसच्या गेटबाहेरच्या टपरीवर मला शेजारचा चहाचा ग्लास आधी दिसला, माणूस नंतर. ग्लास डाव्या हातात होता. मी बघतेय हे कळताच त्याने झटकन उजव्यात घेतला.

“जल गया क्या?” मी विचारलं.

“नाही...” त्याने माझ्या फाइलवरचं नाव वाचलं होतं, म्हणून मराठीत बोलला. “मी यतीन. तुमच्या क्लिअरिंग एजंटने पाठवलंय, ते रजेवर आहेत.”

“अच्छा. मग मला बघून हात का बदललात?”

“सवय. जेवताना आई डाव्या हातावर मोजा चढवायची. फरीदाबादच्या उन्हाळ्यातसुद्धा.”

मला हसू फुटलं.

“हसताय?”

“तुम्हाला नाही. मोज्याला.”

“मोज्यात हात माझा होता, मॅडम.”

“मॅडम नाही. नीरजा.”

तो लाजला. धुक्यातही दिसलं.

“एक सांगू?” तो हळूच म्हणाला. “साहेबांशी वाद नको. माल परत पाठवायचा अर्ज देऊ. मला रोज त्यांच्याच टेबलासमोर उभं राहायचं असतं...”

“मला एकदाच राहायचंय. म्हणून तर वाद घालणार.”

आठवतंय, साहेब? तुम्ही कात्री उजव्या हातात घेतलीत. कागद पात्यांमध्ये दुमडला, फाटला, पण कापला गेला नाही.

“देखिए मॅडम, कैंची काटती ही नहीं.”

“सर, ये लेफ्ट हँड की है. मैं काटके दिखाती हूँ.”

“आप तो काटेंगी ही, माल आपका है. कोई और काटे तो मानूँ.”

खोलीत पाच-सहाजण होते. सगळे तुमच्याकडे बघत राहिले. मी यतीनकडे पाहिलं, फक्त पाहिलं. हात जोडले नाहीत, कुणापुढे जोडतही नाही.

त्याने फाइल खाली ठेवली. बाही वर सारली... आणि डावा हात पुढे केला.

कर्र... कागद दोन सरळ तुकडे होऊन टेबलावर पडला. त्याने दुसरा घेतला, तिसरा घेतला. थांबेचना! आयुष्यात पहिल्यांदा कात्री त्याचं ऐकत होती.

“सर,” तो म्हणाला, “शेरा बदलिए.”

तुम्ही बदललात. मान वर न करता. चूक झाली, एवढं मात्र म्हणाला नाहीत.

पुढचं तुमच्या कामाचं नाही, तरी ऐका. त्यानंतर चार महिने यतीन दर रविवारी मेट्रोने द्वारकेला यायचा, पॅकिंगला. आम्ही अगदी खेटून बसायचो. दोघं डावखुरे, त्यामुळे कोपराला कोपर लागत नाही. तरी तो लावायचाच.

“लागलं?”

“लावलंत.”

गेल्या रविवारी त्याची चिकटपट्टी मध्येच थांबली. “नीरजा... आई तुमच्याबद्दल विचारत होती. मी म्हटलं, नुसती ओळख आहे...”

“नुसती?”

“आई साहेबांपेक्षा कडक आहे, यार!”

माझे कान तापले. चार महिने हा माणूस माझ्या खोक्यांवर माझं नाव इतक्या जपून लिहितो, जणू पुसलं जाईल! आणि घरी जाऊन ओळख?

“यतीन, माझ्याशी लग्न करायचंय तुम्हाला?”

त्याने चिकटपट्टी खाली ठेवली. मग म्हणाला, “हो... बिल्कुल हो.”

“मग फोन लावा.”

त्याने लावला. मी त्याच्या हातातून घेतला.

“नमस्कार काकू, मी नीरजा. स्वतःचा धंदा करते, कुणाच्या उपकारात नाही. तुमच्या मुलाशी मला लग्न करायचंय, आणि तो हो म्हणालाय, माझ्यासमोर, मोठ्याने. आता तुमचं काय? नंतर कळवते म्हणू नका. मी फोन धरून उभी आहे — सांगा!”