टेकडीवर सायकल कोण चालवतं?

करंजगावच्या टेकडीवर मुली सायकल चालवतच नाहीत, असं नगरपरिषदेच्या संगणकाने जाहीर केलं, तेव्हा शाल्मली नुकतीच तिथून माउंटन बाइक चालवून घरी आली होती. गुडघ्यांना अजून लाल माती होती.

"मग मी कोण, भूत?" ती उसळून म्हणाली. याच आकड्यांवरून टेकडीची सोपी वाट बंद करून तिथे फक्त सायकलवरून मोठ्या उड्या मारायचा मार्ग होणार होता.

तिची मालूआजी संख्याशास्त्रज्ञ होती. तिने आपल्या यंत्रमानवाला हाक मारली. "बेरजू, हे आकडे आले कुठून?"

"मनगटी घड्याळांतून. ती प्रत्येक फेरी मोजतात."

"पण तसलं महागडं घड्याळ आम्हा मुलींत कुणाकडेच नाही!" शाल्मली म्हणाली.

"म्हणून तुम्ही मोजणीतून सुटलात," बेरजू म्हणाला. "सगळ्यांना मोजणं अवघड, म्हणून नमुना (मोठ्या समूहातून निवडलेला लहान गट) घेतात. तो एका बाजूला झुकला, की उत्तरही झुकतं."

"मग रविवारी सकाळी मीच मोजते. आम्ही सगळ्या तेव्हाच जातो."

आजी हसली. "म्हणजे आता तुझ्या बाजूला झुकवायचं होय?"

शाल्मलीने जीभ चावली. शेवटी वार आणि वेळा चिठ्ठ्या टाकून ठरल्या. ही यादृच्छिक निवड (कुणाच्याही मर्जीला वाव नसलेली निवड), बेरजूने सांगितलं. भर उन्हातली चिठ्ठी निघाली, तरी ती आणि बेरजू पायथ्याशी बसून येईल त्याला मोजत राहिली. जे टेकडीवर येतच नाहीत, त्यांना कसं विचारणार? म्हणून चिठ्ठ्या टाकून काही घरंही निवडली आणि तिथे जाऊन विचारलं.

टेकडीवर सायकल चालवणाऱ्यांत निम्म्या तरी मुली आणि बायका असतील, असं शाल्मलीला वाटत होतं. निघाली चौघांत एक.

"आजी, तिघांत एक सांगूया ना. वाट वाचेल."

आजीने मोजणीचा कागद तिच्यापुढे ठेवला. शाल्मलीची मान खाली गेली.

नगरपरिषदेच्या सभेत तिने खरा आकडा सांगितला, तो कसा मिळवला तेही सांगितलं. अध्यक्षांनी उलटसुलट प्रश्न विचारले. प्रत्येकाला तिच्याकडे उत्तर होतं. सोपी वाट राहिली.

घरोघरी बऱ्याच बायका म्हणाल्या होत्या, "यायचंय गं, पण शिकवणार कोण?" दुसऱ्याच दिवशी त्यांच्यातल्या निर्मलाकाकू सायकलवर डगमगत होत्या आणि मागून सीट धरून शाल्मली धावत होती.

"बेरजू, पुढच्या वर्षी आकडा वाढेल ना?" तिने धापा टाकत विचारलं.

"मोजल्यावर कळेल," बेरजू म्हणाला आणि तोही धावू लागला.