जाळीची कड

वाऱ्याने मास्तरांची टोपी उडवली आणि ती नेमकी टोपवालीच्याच दारात येऊन पडली. आता नशिबाला थट्टाच करायची असेल, तर ते आणखी काय करणार!

बारकी तेव्हा दारातल्या उजेडात बसून जाळीवर केस गाठत होती. तिच्या आत्याच्या दुकानात केसांचे टोप बनत. नाटकवाल्यांचे, आजाऱ्यांचे, हौशी लोकांचे. आकडीने एक केस उचलायचा, जाळीच्या छिद्रातून ओढून गाठ मारायची, की पुढचा केस. मान मोडून घेणारं काम. पण बारकीच्या हाताला ते असं बसलं होतं की भांडता भांडतासुद्धा व्हायचं.

तिने टोपी उचलून झटकली. समोर एकजण धापा टाकत उभा. डोळे छान, अंगाने नीटस, आणि कपाळ... कपाळ पार मागपर्यंत गेलेलं.

"टोपी शोधताय की केस?" ती म्हणाली.

दुसरा कुणी चिडला असता. हा ओठ दाबून हसला... आणि बारकीच्या हातची गाठ निसटली.

"तुम्हीच सांगा," तो म्हणाला, "मी टकला आहे का?"

"अगं बाई! घरी आरसा नाही?"

"आरसा आहे. उत्तर नाही."

तो कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचा, आणि त्याचा अभ्यासच हा होता. भरघोस केसांच्या माणसाचा एक केस काढला तर तो काही टकला होत नाही. आणखी एक काढला, तरी नाही. असं एकेक करत शेवटी डोकं तुळतुळीत होतं. मग तो टकला झाला कोणत्या केसाला? "ढीग, म्हातारपण, लाल रंग, सगळ्यांचं हेच," तो म्हणाला. "शब्द आहेत, पण त्यांना कुंपण नाही."

"याचा पगार मिळतो?" आतून आत्याने विचारलं.

बारकी इतकी हसली की तिलाच लाज वाटली. आणि मास्तर त्याच पावली टोप बनवायला सांगून गेला.

माप झालं, फेऱ्या सुरू झाल्या. बारकी त्याला दाखवायची, मागे केस दाट गाठायचे, पुढे विरळ, आणि अगदी कपाळाशी एखादाच, बारीक. केस कुठून सुरू होतात ती रेघ दिसली, तर टोप फसला.

"म्हणजे तुम्ही रेघ लपवता आणि मी ती शोधत बसतो," तो म्हणाला.

"मग आपलं जमायचं कसं?" ती बोलून गेली आणि कानापर्यंत लाल झाली. तोही टोपीची कड चाचपत बसला.

टोप तयार झाला की कपाळावर बसवून पुढची जास्तीची जाळी कात्रीने कापायची असते. ती कापली की काम संपलं, गिऱ्हाईक मोकळं. मास्तरांचा टोप कधीचा तयार होता. पण दर खेपेला बारकी म्हणायची, "कड अजून बसायची आहे," आणि मास्तर मोठ्या समजूतदारपणे मान हलवायचा. दोघंही लबाड.

"बारके," आत्या म्हणाली, "एवढ्यात हत्तीला केस लावून झाले असते गं. त्या कोपऱ्यावरच्या चष्मेवाल्याला मी काय सांगू? सरळ माणूस आहे, तुला सरळ मागणी घातलीय. माझे डोळे गेले, गुडघे गेले. रविवारी हो की नाही ते सांगून टाक."

पुढच्या फेरीला बारकीने टोप हातातच धरून ठेवला.

"मास्तर, तुम्ही टोपासाठी येता?"

"सुरुवातीला... हो."

"आणि आता?"

तो खाली बघायला लागला. "काहीजण म्हणतात, रेघ असतेच, फक्त कुठे ते माणसाला कळू शकत नाही. काहीजण म्हणतात, मधल्या पट्ट्यात हो-ही खरं नसतं आणि नाही-ही. आणखी काहीजण म्हणतात, थोडं थोडं खरं असतं. चार आणे... आठ आणे..."

"मी लोकांचं विचारत नाहीये." तिचा आवाज चिरकला. "तुमचं विचारतेय. प्रेम आहे का?"

"ज्या शब्दाची हद्द मलाच ठाऊक नाही, तो तुम्हाला कसा देऊ? उद्या खोटा ठरला तर? थोडा वेळ—"

"रविवारपर्यंत आहे. आत्याला उत्तर द्यायचंय."

प्रेमात माणसाची अक्कल जाते म्हणतात. याची जागेवर राहिली, तेच नडलं.

रविवारी बारकी दिवसभर दारातल्या उजेडात बसली. उजेड हलत हलत भिंतीवर गेला, मग गेलाच. दिवा लावताना तिने आत्याला हो म्हणून सांगितलं.

आणि बुधवारी मास्तर आला. जवळजवळ पळतच.

"रेघ सापडली नाही," तो म्हणाला. "पण मी त्या मधल्या पट्ट्यात नव्हतोच! तुळतुळीत डोक्याच्या माणसाबद्दल कुणाला शंका येते का? रेघ न सापडता माणूस पार पलीकडे पोचलेला असतो. तसा मी... केव्हाचा. कुठूनही बघा. प्रेम आहे."

बारकी हातातल्या आकडीकडे बघत राहिली.

"रविवारी कुठे होतात?"

"हाच विचार करत होतो."

"मी चष्मेवाल्यांना हो म्हटलंय."

"ते... मागे नाही घेता येणार?"

"ते आत्यापुढे हात जोडून रडले हो, आनंदाने. त्यांना काय सांगू, मास्तरांचा विचार आत्ता संपला? शब्द दिलाय मी. त्याला तरी कुंपण आहे."

मग तिने खुर्ची ओढली. "बसा."

त्याने टोपी खुंटीला अडकवली. तिने टोप बसवला, कपाळावरून बोट फिरवून जाळी सारखी केली.

त्याने आरशात पाहिलं. "कुठून सुरू होतं, कळतच नाही."

"कळू नये म्हणूनच केलंय."

"हे पुढचे केस फार मऊ आहेत."

"असतात काही काही." तिने स्वतःच्या कानामागे बट सारली. तिथली बट जरा विरळ झाली होती.

तिने कात्री उचलली.

"आज नको," तो अगदी हळू म्हणाला. "कड बसायची आहे म्हणा ना... एकदाच."

"बसली," बारकी म्हणाली, आणि कानापासून कानापर्यंत जाळी कापली. पातळ पट्टी तिच्या पायाशी पडली.

तो गेला. आत्याचा हात खुंटीला लागला. "मास्तरांची टोपी राहिली की! जा, हाक मार, अजून गल्लीतच असेल."

बारकी टोपी घेऊन दारापर्यंत आली. वारा अजिबात नव्हता. तो चालत होता, लहान लहान होत होता. हाक ओठांवर घेऊन ती बघत राहिली... कोणत्या पावलाला तो दिसेनासा झाला, तिला सांगता आलं नसतं.