लाल दिव्याखालचा पाय

खोटं वाटलं तर वाटू दे. ही घटना माझ्या सख्ख्या भाचीच्या घरात घडली, आणि तीही भर दुपारी. भुतं फक्त रात्रीच निघतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी दुपारी खुशाल झोपावं.

भाचीचे सासरे जुने फोटोग्राफर. डार्करूममध्ये हजारो रोल धुतले, अक्कल तेवढी धुवायची राहून गेली.

साखरेमुळे त्यांचा डावा पाय बधिर. पोटरीवरची जुनी जखम कशीबशी भरत आलेली. पुन्हा चिघळली तर पाय कापावा लागेल, असं डॉक्टरांनी बजावलेलं. आणि या महाशयांनी गुडघा शेकायला इन्फ्रारेड दिवा आणला. डॉक्टरांना न विचारता!

"मामंजी, तुम्हाला चटका कळत नाही. नकोच तो. नाहीतर निदान हातभर लांब ठेवा, आणि झोपू नका."

"लाल दिवा मला शिकवतेस? उभा जन्म त्याच्या उजेडात काढला. गरीब गाय असतो तो!"

डार्करूमचा मिणमिणता बल्ब आणि हा शेकायचा दिवा, म्हाताऱ्याच्या लेखी दोघं सख्खे भाऊ. शहाण्याला शब्दाचा मार, यांना विस्तवही पुरेना.

भाची हात टेकून स्वयंपाकघरात गेली. तिकडे खाटेवर, दिव्याखाली घोरणं सुरू झालं.

मग घोरणं थांबलं...

नळ टपटपत होता, तोही थांबला...

आणि फरशीवरून दिव्याचा स्टँड सरकला. चर्रर्र...

"मामंजी, हवंय का काही?"



केस जळल्याचा वास आला, तशी ती धावली. दिवा पोटरीला जवळजवळ टेकलेला. सासरे टक्क जागे, नजर छताला. तिनं बटण बंद केलं.

पोटरी लालबुंद. फक्त जखमेच्या जागी काहीतरी पांढरं... ट्रेमध्ये फोटो उमटावा तसं हळूहळू स्पष्ट होत गेलं.

पंजा होता. पाच बोटांचा.

"पाय बाजूला का नाही घेतलात?"

"घेऊ देशील तर ना! केवढा घट्ट धरला होतास. हात किती गार गं तुझा..."

"मी आत होते, मामंजी."

म्हाताऱ्यानं पाय हळूच पोटाशी ओढून घेतला.

ज्या पायाला सुई टोचलेली कळत नव्हती, त्याला हात कळला होता.

पंजाखालची जखम वाचली, पाय वाचला. आता सासरे येईल त्याला ऐकवतात, "पूर्वजांनी राखलं. आमच्या घराण्याची पुण्याई!" या घराण्याची पुण्याई चमच्यात मावेल.

भाचीला मात्र ते पटत नाही. कारण पंजाची बोटं खालून वर आली होती... खाटेखालून. आणि त्या हातानं पाय धरला होता, तर दिवा कुणी जवळ ओढला?

ती अजूनही त्या खोलीचा केर काढते. खाटेखाली मात्र झाडू घालत नाही.