कण्हेरीतली हाक

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण भिवराबाई खोटं बोलणारी बाई नाही, हे सगळ्या धर्मापुरीला ठाऊक आहे.

गेल्या फाल्गुनातली गोष्ट. रात्र नव्हती... भर दुपार होती.

मुलगा सत्यम आणि सून वर्षाराणी दिवाळीपासून ऊसतोडीला गेलेले. घरी भिवराबाई, तिच्या शेळ्या आणि एवढीशी नात वैष्णवी. पोरीसाठी आई म्हणजे फोनवरचा आवाज, दुसरं काही नाही.

गावाबाहेरचा ओढा ठणठणीत कोरडा. काठचं गवतही करपलेलं. वाळूतली कण्हेर मात्र हिरवीगार, गुलाबी फुलांनी लगडलेली. विषारीच ती, शेळीसुद्धा तोंड लावत नाही.

त्या दुपारी शेळ्या लांबच थबकल्या.

त्यांच्या गळ्यातल्या घंटा वाजेनात.

होल्याचं घुमणंही थांबलं.

आणि मग कण्हेरीतून...

"वैशू... ये गं माझ्या पिल्ला."

वर्षाराणीचा आवाज!

"मम्मी आली!" म्हणत पोरगी पळत सुटली. भिवराबाईनं झटकन सुनेला फोन लावला.

"काय वो आत्या? मी फडात हाय, मोळ्या बांधायलेय."

फोन कानाशी होता. आणि समोरून तोच आवाज...

"ये गं. लई दिवस झाले."

फोनवर वर्षाराणी घाबरली. "आत्या, तिथं माझ्या आवाजात कोण बोलायलंय?"

भिवराबाईनं पोरीला ओरडून हाक मारली. पोरगी तोवर कण्हेरीत शिरली होती.

वारा नव्हता. तरी फांद्या हलल्या...

थोड्या वेळानं वैष्णवी परत आली. धडधाकट. केसांची घट्ट वेणी, वेणीत कण्हेरीचं फूल.

सकाळी भिवराबाईनं तिची वेणी घातलीच नव्हती.

उतारा झाला, अंगारा झाला, गंडा बांधला. कशाचा म्हणून उपयोग झाला नाही, पोरगी ओढ्याकडंच बघत बसायची.

कारखान्याचा पट्टा पडला, ऊसतोड संपली आणि वर्षाराणी घरी आली. दारातूनच तिनं हात पसरले. "वैशू, ये गं माझ्या पिल्ला."

पोरगी आजीच्या पदराआड लपली.

"आजी, ही बाई कोण हाय? माझी मम्मी तर ओढ्यात हाय."

वर्षाराणी उंबऱ्यातच खाली बसली.

आता भिवराबाई ओढ्याकडं शेळ्या नेत नाही. दुपार झाली की दाराला आतून कडी घालते. तरी हाक येतेच... एक घरातून, एक ओढ्याकडून. आवाज एकच.

पोरगी दरवेळी ओढ्याकडंच मान वळवते.