टाकीवरची खळ

टाकीची शिडी चढताना सुभेदाराला हसू आवरत नव्हतं. आकाशात काहीतरी दिसलं म्हणून चौकशीला त्याला या छावणीत धाडलं, आणि ज्याला दिसलं तो पहारेकरी निघाला त्याच्याच धाकट्या बहिणीचा नवरा! कर्नलसाहेबांना हे नातं ठाऊक नव्हतं. सुभेदार कशाला सांगतोय?

पहारेकऱ्याचं म्हणणं एवढंच, की भर दुपारी टाकीवर काहीतरी येऊन थांबलं. गोल, ओलं. आवाज नाही, पंख नाहीत. रडारवर मात्र काहीच नव्हतं. आता खोटं बोललो म्हणावं तर नोकरी जाणार, खरंच पाहिलं म्हणावं तर वेड्यांच्या इस्पितळात रवानगी. इकडे आड, तिकडे विहीर.

"दादा, काही कर, पण ह्यांना वेडं ठरवू देऊ नकोस," बहीण फोनवर रडली होती.

सुभेदाराला पक्कं वाटत होतं, ही जावईबापूंची मस्करी. लग्नाच्या दिवशी सुभेदारानंच नवरदेवाच्या बुटांत दाढीचा फेस भरला होता. त्याचं उट्टं निघायचंच होतं कधीतरी.

वर पोचला आणि हसू जिरलं.

टाकीच्या झाकणावर तो ऐवज पसरला होता. पिवळट, शेंबडासारखा, बोट लावलं की तार सुटणारा. कडेला वाळून पापुद्रे धरलेले, मध्ये ओलाच. सिमेंट उन्हानं पोळत होतं, पण हा अंगाइतकाच कोमट. माश्या घोंगावत होत्या, बसत एकही नव्हती. आणि वास! तोंड न धुतलेल्या माणसानं अगदी नाकाशी येऊन बोलावं, तसा.

मागोमाग चढलेले कर्नलसाहेब नाकाला रुमाल लावून शिडीवरच थांबले. "काय घाण आहे ही?"

टाकी होती धोबीखान्याच्या छतावर. सुभेदाराचं डोकं असल्या वेळी फार झकास चालायचं.

"खळ आहे, साहेब. वर्द्या कडक करायची. निवायला पातेली इथं वर आणून ठेवतात, एखादं लवंडलं असणार. उन्हात चकाकलं, आणि त्या गड्याला होतं ऊन लागलेलं. वेड नाही नि खोटं नाही."

"खळच आहे, हे कशावरून?"

धोबीखान्यात खळ जमली का ते बोटावर घेऊन चाटूनच बघतात. सगळ्या छावणीला ठाऊक असलेली रीत. सुभेदारानं बोट बुडवलं.

"सुभेदारसाहेब, नको!" खालून पहारेकरी ओरडला.

तोवर बोट तोंडात गेलं होतं.

खारट नाही, आंबट नाही. पण ओळखीची चव. सकाळी उठल्यावर तोंडाला असते ती. दुसऱ्या कुणाच्या नव्हे, त्याच्या स्वतःच्या.

जन्मभर लोकांना बनवताना कमावलेला चेहरा कामी आला. त्यानं गिळलं. "पक्की खळ, साहेब. जरा उतरलीय, इतकंच."

कर्नलसाहेब ओकारी दाबत खाली उतरले. "ऊन लागलं असं लिहा आणि मिटवा."

संध्याकाळी बहिणीनं चहा टाकला. तिचा चेहरा नुसता फुलला होता. ती स्वयंपाकघरात वळताच सुभेदारानं विचारलं,

"जावईबापू, आता तरी सांगा. कशाचा बनवला होता तो चिकटा?"

"मी नाही बनवला." पहारेकरी मान वर करत नव्हता. "मेहुणे, चव कशी लागली?"

"बेचव."

"खोटं. स्वतःच्याच तोंडाची लागली."

सुभेदारानं दात घासून घासून हिरड्या सोलून काढल्या होत्या. तरी ती चव जिभेच्या मुळाशी तशीच होती.

"तुम्हाला काय ठाऊक? तुम्हीपण चाटलंत?"

"छे. ते वरून ठिबकत होतं, मी नुसता बघत होतो. वर बघताना माणूस आ करतोच ना."

"काय कुजबुज चाललीय रे दोघांची?" बहीण कप घेऊन आली. "दादा, घे गरम गरम."

सुभेदारानं घोट घेतला आणि तोंडातच धरून ठेवला. गिळायची हिंमत होईना.

समोर पहारेकरी त्याच्या गळ्याकडे बघत होता.

सुभेदारानं गिळला नाही.

तरी तोंड रिकामं झालं.