लागलेलं दूध

पातेलं घासून लख्ख केलं होतं, तरी दूध लागलंच! शाल्मलीला रडू कोसळलं. अकरा वर्षांच्या पोरीने आबांसाठी हौसेने बासुंदी करायला घेतली होती. आबा म्हणजे आईचे वडील, शास्त्रज्ञ. बावीस वर्षं चंद्रवस्तीवर पाणी शुद्ध करायचं काम करत होते, आणि उद्याच्या यानाने पुन्हा निघणार होते.

"डॉक्टरांसाठी एवढी धडपड कशाला?" आई म्हणाली.

डॉक्टर! सख्खे वडील समोर बसलेत आणि ही त्यांना डॉक्टर म्हणते! शाल्मलीला भारी राग आला. आबांनी मात्र मुकाट्याने उरलेलं दूध दुसऱ्या भांड्यात ओतलं आणि करपलेलं पातेलं पुढ्यात घेतलं.

"आबा, स्टील इतकं गुळगुळीत, मग त्याला चिकटतं काय?"

"दुधातलं प्रथिन (शरीर बांधणारं द्रव्य). त्याचा रेणू म्हणजे गुंडाळलेला लांब धागा. पाण्याशी पटणारे भाग बहुतेक बाहेर, न पटणारे आत. आणि तुझं पातेलंही दिसतं तसं उघडं नाही हं! त्यावर ऑक्साइडचा (धातू आणि ऑक्सिजनच्या संयुगाचा) अदृश्य पापुद्रा असतो. पाण्यात त्यावर विद्युतभार येतो, मग प्रथिनाचा विरुद्ध भाराचा भाग तिकडे ओढला जातो आणि टेकतो. याला म्हणतात अधिशोषण (आत न मुरता पृष्ठभागावरच बसणं)."

"नुसतं टेकलं तर धुऊन जाईल की!"

"लगेच धुतलंस तर बरंचसं जातं. पण राहिलं, तर गुंडाळी उलगडते, आतले भागही चिकटतात, धागा दहा ठिकाणी धरून बसतो. आचेवर तर फार लवकर. मग त्याच्यावर दुसरं, तिसरं. चंद्रावरच्या आमच्या पटलांची (बारीक छिद्रांच्या पातळ गाळण्यांची) तीच रड. छिद्रं वापरलेल्या पाण्यातल्या प्रथिनापेक्षा कितीतरी मोठी, तरी तुंबायची. छिद्रांच्या भिंतींनाच थर धरायचा ना!"

"मग काय केलंत?"

"पटलाला आधीच पाणी धरून ठेवणारा लेप दिला. आता प्रथिनाला टेकायला जागाच मिळत नाही. येतं तसं जातं."

शाल्मलीचे डोळे चमकले. "म्हणजे लागायला दोन गोष्टी हव्यात. मोकळी जागा आणि वेळ!"

"शाब्बास!"

"अगदी बरोबर," दारातून आई म्हणाली. "हे चार वर्षांनी आठ दिवस येतात. टेकले न टेकले तोच निघतात. माझी आई गेली तेव्हाही वरच होते. आता माझ्यावरही लेप बसलाय, शालू. मला हे कोणी लागत नाहीत."

आबांचा चेहरा उतरला. "तो लेप मीच दिलाय, मधू," ते कसंबसं म्हणाले.

"पण माझ्यावर कुठे आहे लेप?" शाल्मली रडवेली झाली. "आबा, राहा ना!"

आईने उरलेलं दूध शेगडीवर ठेवलं आणि डाव आबांच्या हातात दिला.

"ढवळत राहा, डॉक्टर," ती त्यांच्याकडे न बघता म्हणाली. "थांबलात की लागेल."

आबांचा हात जागच्या जागी थबकला.

"मग थांबतोच," ते म्हणाले.

"बघू किती दिवस," आई म्हणाली, आणि तिने आच जरा कमी केली.